मदत हवी आहे: इंग्रजी सिनेमातले 'गना', 'डिजू', 'शुडा' नेमके बनतात कसे?

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून शेवटी धागा काढतेय. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, पुढे कॉमर्स, आता ऑफिसात दिवसभर इंग्रजी मेल्स, त्यात काही अडत नाही, कादंबऱ्याही वाचते. पण ओटीटीवर इंग्रजी सिनेमा लावला आणि सबटायटल्स बंद केली की खेळ खलास. बरं शब्द अवघड असतात असंही नाही हो, परत चालू करून बघावं तर सगळे पाचवीतले शब्द, व्हॉट, आर, यू, गोइंग, टू, डू. आणि पडद्यावरचा माणूस म्हणतो काय, तर "व्हॉचा गना डू".

थोडंफार माझं माझं जुळवलंय. गोइंग टू चं गना, वॉन्ट टू चं वॉना, लेट मी चं लेमी, डोन्ट नो चं डनो, शुड हॅव चं शुडा. पण एवढं पाठ करून भागत नाही कारण दर सिनेमात नवीन काहीतरी निघतंच. "टेलिम" म्हणजे टेल हिम हे कळायला तो सीन मागे घेऊन घेऊन बघावा लागला, तोवर घरचे वैतागून उठून गेले. तर यामागे काही पद्धत आहे का, म्हणजे कुठलं अक्षर कधी गळतं, कुठले दोन शब्द चिकटतात, की ज्याच्या तोंडाला जसं येईल तसं?

दुसरं, गना सगळीकडे का चालत नाही? "आयम गना कॉल यू" ऐकलंय, पण "आयम गना शिकागो" कुणीच म्हणत नाही, तिथे नीट गोइंग टू येतं.

तिसरं आणि सगळ्यात तापदायक, कॅन आणि कॅन्ट. अमेरिकन सिनेमात मला दोन्ही सारखंच ऐकू येतं, म्हणजे बाई लग्नाला हो म्हणाली की नाही तेच कळत नाही, पुढच्या सीनमध्ये रडताना दिसली की मग अंदाज लावायचा.

आणि हे सगळं स्लँग आहे का? लेकीने वहीत वॉना लिहिलं की लाल रेघ येते, पण आमच्या कॉलवरचे अमेरिकेतले चांगले पन्नाशीचे मॅनेजर लोकही सर्रास गना म्हणतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा. क्लासच्या जाहिराती नकोत प्लीज.

प्रतिसाद १

पद्धत आहे, आणि बरीच शिस्तीची आहे. आधी हे बघा, आपण तरी कुणाला "कुठे आहेस" म्हणतो का? कुठंयस, करतोयस, नाहीये. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाचं 'कुठंयस' ऐकून जे होत असेल तेच तुमचं होतंय.

इंग्रजीत वाक्यातल्या एक-दोन महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि टू, ऑफ, अँड, फॉर, हॅव, हिम असली किरकोळ मंडळी मधल्या फटीत कोंबली जातात. कोंबताना आधी त्यांचा स्वर मरतो, बहुतेकांचा मिळून एकच तोंडातल्या तोंडातला 'अ' उरतो. टू चं ट, ऑफ चं अव किंवा नुसता अ, अँड चा न. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो, म्हणून आपला कान त्या 'टू'ची वाट बघत बसतो आणि वाक्य पुढे निघून जातं.

मग ह. हिम, हर, हॅव, हिज वर जोर नसेल तर ह गळतो, म्हणून टेलिम, आस्कर, शुडव, आणि शुडव मधला व पण गेला की शुडा. वाक्याच्या सुरुवातीला मात्र ह शाबूत राहतो. मग चिकटणं: ड नंतर यू आला की ज, ट नंतर यू आला की च. डिड यू चं डिजू, गॉट यू चं गॉचा, तुमचा व्हॉचा पण त्यातलाच, मधला 'आर' कधीच गळून गेलेला असतो.

आणि अमेरिकन ट. दोन स्वरांच्या मध्ये ट आला आणि पुढच्या स्वरावर जोर नसला, किंवा ट शब्दाच्या शेवटी असून पुढचा शब्द स्वराने सुरू झाला (मग जोर कुठेही असो), की ते जिभेचा एक हलका टोला मारून मोकळे होतात. आपण त्याला ड म्हणून लिहितो, वॉडर, बेडर, पण खरं तर तो आपल्या 'मारी' मधल्या र च्या जास्त जवळ आहे. एकदा र समजून ऐका, शट अप म्हणजे "शरप", गेट आउट म्हणजे "गेराउट", लगेच सापडतं. फोटो चं फोडो होतं पण फोटॉग्रफी मधला ट ठणठणीत, कारण तिथे जोर बरोबर त्याच्यावर आलाय. न नंतरचा ट तर सरळ गायबच होतो, ट्वेनी, इनरनेट. हे एवढं कानात बसलं तरी अर्धं काम झालं.

प्रतिसाद २

कॅन-कॅन्ट साठी ट शोधत बसू नका, तो अमेरिकन तोंडातून बाहेरच पडत नाही, जीभ वर लागते आणि तिथेच थांबते. स्वर ऐका. "आय कन डू इट" असं घाईत, अर्धवट आलं तर हो. "आय कॅऽन डू इट" असा कॅ स्पष्ट, ठासून आला तर नाही. म्हणजे जे जास्त 'कॅन' ऐकू येतं तोच नकार. फक्त वाक्य तिथेच संपत असेल, "येस आय कॅन", तर होकार असूनही कॅ पूर्ण येतो. ब्रिटिशांचं बरं आहे, ते स्वच्छ कान्ट म्हणतात.

प्रतिसाद ३

सगळा दोष कानाला देऊ नका ताई. ५.१ मिक्समध्ये, म्हणजे थिएटरसारख्या सहा स्पीकरसाठी बनवलेल्या ध्वनीत, संवाद मुख्यतः मधल्या चॅनलला असतात, टीव्हीच्या दोन स्पीकरवर सगळं एकत्र आलं की पार्श्वसंगीत आणि गाड्यांचे आवाज त्यावर चढून बसतात. टीव्हीत डायलॉग किंवा व्हॉइस असलं काही सेटिंग असेल तर चालू करा, ओटीटीवर ऑडिओमध्ये स्टिरिओ निवडा, नाहीतर सरळ हेडफोन. मी तर मराठी सिनेमालाही हेच करतो :)

धागाकर्ती

बापरे, शरप लगेच सापडला! प्रतिसाद २ वाचून ऑफिसच्या कॉलचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं, खरंच "कन" म्हणतात. पण गना-शिकागोचं राहिलंच की. आणि स्लँगचं?

प्रतिसाद १ वाले पुन्हा

हो, ते राहिलं. "गोइंग टू कॉल" मध्ये कुणी कुठे जात नाहीये, तो नुसता भविष्यकाळ आहे, झिजून एक तुकडा झालाय म्हणून गना. "गोइंग टू शिकागो" मध्ये खरंच जाणं आहे आणि तो टू शिकागोचा आहे, गोइंगचा नाही. दोघांची जोडीच नाही तर चिकटणार कुठून.

वॉनाचं याहून मजेदार आहे. "हू डू यू वॉना इन्व्हाइट" चालतं, तुला कुणाला बोलवायचंय. पण कोण जिंकावं असं विचारायचं तर "हू डू यू वॉन्ट टू विन" च, तिथे वॉना म्हटलं तर इंग्रजी घरात वाढलेल्यांना सहसा खटकतं. कारण मूळ वाक्य "यू वॉन्ट इंडिया टू विन", वॉन्ट आणि टू च्या मध्ये इंडिया बसलेली आहे. प्रश्न करताना इंडियाच्या जागी हू येऊन वाक्याच्या पुढे गेला तरी ती रिकामी खुर्ची मध्ये आहेच. भाषाशास्त्रवाल्यांनी यावर कैक वर्षं वाद घातलेत.

स्लँग म्हणाल तर नाही, ही बोलायची रीत आहे, लिहायची नाही, म्हणून लाल रेघ बरोबरच. 'एन्ट'चं प्रकरण वेगळं. अ‍ॅम नॉट, इज नॉट, हॅज नॉट सगळ्यांच्या जागी तो एकटा चालतो आणि शिष्ट लोक त्याला नाक मुरडतात, संवादलेखक नेमका म्हणूनच तो एखाद्या पात्राच्या तोंडी घालतात. बोलपटांचा जमाना ज्याने सुरू केला म्हणतात त्या १९२७ च्या 'द जॅझ सिंगर' मध्ये अल जोल्सनचं गाजलेलं वाक्य एन्ट वालंच आहे.

अवांतर: "गेटेम" मधला एम म्हणजे देम चा तुकडा वाटतो ना? तो मुळात 'हेम' या जुन्या इंग्रजी शब्दाचा, ह गळून उरलेला. देम नंतर उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आला.

प्रतिसाद ४

सरावासाठी अख्खा सिनेमा घेऊ नका, अर्ध्या मिनिटाचा सीन घ्या. सबटायटल बंद करून जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहा, जसं ऐकू येतं तसं, स्पेलिंगमध्ये नाही. मग सबटायटल लावून ताडून बघा. देवनागरीचा इथे खरा फायदा आहे, रोमनमध्ये लिहिलं की हात आपोआप गोइंग टू लिहितो. एक सावधगिरी, सबटायटल्स पुष्कळदा जागेसाठी छाटलेली असतात, त्यामुळे शब्द कमी दिसला म्हणून तुमचं चुकलं असं नाही. एकेक शब्द तपासायला यूग्लिश आहे, शब्द टाकला की यूट्यूबवर तो जिथे जिथे बोलला गेलाय ते तुकडे एकामागून एक लागतात, गना टाकून बघा.

आणि सुरुवात अमेरिकन वकिली किंवा हॉस्पिटलवाल्या मालिकांनी करा. लंडनच्या गल्लीतल्या गुंडांचे सिनेमे नंतर, ते ट चं र वगैरे काही करत नाहीत, घशातच गिळतात, बॉटल चं "बॉ-ल". ग्लासगोवाले लागले तर सबटायटल्स चालूच ठेवा, तिथे कित्येक अमेरिकनही तेच करतात.