कोर्टाने गाडी सोडायचा आदेश दिला, ठाण्यात दहा हजार मागतायत. काय करू?

पिकअपवाला_सातारा:
नमस्कार मंडळी. माझी भाजीपाल्याची पिकअप आहे, महिन्याला १४,२०० रुपये हप्ता. तीन आठवड्यांपूर्वी वळणावर एका दुचाकीला धक्का लागला, त्या पोराचा पाय मोडला. मी पळालो नाही, मीच त्याला दवाखान्यात नेलं. गुन्हा दाखल झाला, गाडी ठाण्याच्या आवारात लावली. आरटीओची तपासणीही झाली. सोमवारी कोर्टाने बंधपत्रावर गाडी परत द्यायचा आदेश दिला.

आदेश घेऊन गेलो तर हवालदार मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन आले. म्हणाले, "साहेबांची सही राहिलीय, दहा लागतील." काल परत गेलो. हौद्यात वीस रिकामे क्रेट होते, एकही नाही. शेजारी जुन्या दुचाक्या पडल्यात, त्यांच्या चाकांतून घेवड्यासारखी कसलीतरी वेल हँडलपर्यंत चढलीय. ते बघून पोटात गोळा आला.

बायको म्हणते देऊन टाका. एसीबीकडे, म्हणजे लाचलुचपतवाल्यांकडे, जावं का? पण तेही पोलीसच ना? आणि मला इथंच धंदा करायचाय.

रोहन_कराड:
भाऊ, मी गेल्या वर्षी असेच सहा हजार दिले. गाडी त्याच संध्याकाळी मिळाली हे खरं. पण दोषारोपपत्राच्या वेळी परत फोन आला, "तुमचं प्रकरण माझ्याकडेच आहे." परत तीन गेले.

निवृत्त_पंच:
दादा, पैसे देऊ नका, आणि ठाण्यात जाऊन भांडूही नका. मी पाटबंधारे खात्यात लिपिक होतो. नोकरीत असताना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने मला दोन सापळ्यांत पंच म्हणून नेलं. दोन्ही वेळा तक्रारदार तुमच्यासारखेच घाबरलेले होते, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

१०६४ हा त्यांचा टोल फ्री नंबर. फोनवर थोडक्यात सांगा, मग ते युनिटला बोलावतात. गेलात की लगेच नोटा देऊन पाठवत नाहीत. आधी पडताळणी होते. तुमच्याकडे रेकॉर्डर देतात, एक पंच बरोबर असतो, आणि तुम्ही त्या हवालदारांशी कामाबद्दल बोलायचं. त्यांनी स्वतःच्या तोंडाने पैसे मागायला हवेत. सगळं प्रकरण ह्याच्यावर उभं राहतं. मागणी सिद्ध झाली नाही तर खिशात नोटा सापडूनही आरोपी सुटतो. घासाघीस केलीत तरी चालेल. बातमीत "तडजोडीअंती पाच हजार" असं वाचतो ना आपण, ते ह्याच संभाषणातून येतं.

मग नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहितात आणि त्यांना पावडर लावतात. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही. पहिल्या सापळ्यात तक्रारदार एक दूधवाले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात ते पाकीट ठेवलं तेव्हा त्यांचा हात इतका थरथरत होता की मीच त्यांना पाणी दिलं. त्यांना बजावलं होतं, मागितल्याशिवाय पाकिटाला हात लावायचा नाही. पैसे घेतले की डोक्यावरची टोपी काढायची, ही खूण ठरली. टोपी निघाली आणि पथक आत शिरलं. नंतर खोलीचे पडदे ओढून दिवा लावला, तर त्या साहेबांची बोटं आणि पँटचा खिसा निळसर चमकत होता. मी आजवर ते विसरलेलो नाही.

तेही पोलीसच, ही तुमची शंका रास्त आहे. भीती वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्याच्या युनिटला सांगा. आमच्या दुसऱ्या सापळ्याला पथक बाहेरच्याच जिल्ह्यातून आलं होतं. ठाण्यातल्या कुणालाही, अगदी ओळखीच्या शिपायालाही, चकार शब्द बोलू नका.

रोहन, तुम्हालाही सांगतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवलं तरच संरक्षण मिळतं. आधी एसीबीला सांगून, त्यांच्या सापळ्यात दिलेले पैसे मात्र गुन्हा नाहीत.

ॲड_मिरज:
पंच काकांनी सांगितलं ते बरोबर. त्यात थोडी भर घालतो. हवालदारांचा फोन आला तर रेकॉर्ड करा, पण फाइल कापू-जोडू नका आणि तो फोन विकू नका. मूळ फोन लागतो, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं.

सापळा नको असेल तरी तुमचे हात बांधलेले नाहीत. आदेशाची प्रत अर्जासोबत ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, नंबर घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मग ज्या कोर्टाने आदेश दिला तिथेच अर्ज करा की आदेश पाळला जात नाही. मॅजिस्ट्रेट साहेबांनी ठाण्याकडून खुलासा मागवला की सहीला वेळ लागत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. आवारात वेली चढेपर्यंत गाड्या ठेवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलंय.

पिकअपवाला_सातारा:
काका, वकील साहेब, तुमचे उपकार कसे फेडू. रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग दूधवाल्यांनी केलं तर आपणही करू. सकाळी १०६४ ला फोन केला, उद्या बोलावलंय. कुठल्या युनिटला ते इथं लिहीत नाही. एकच विचारतो, क्रेटचं काय?

ॲड_मिरज:
लिहीत नाही हे योग्यच. जप्ती पंचनाम्याची प्रत काढून त्यात क्रेट नोंदवलेत का ते बघा. गाडी मिळेल तेव्हा आधी चारी बाजूंनी फोटो काढा, बॅटरी, स्टेपनी, जॅक तपासा. ताबा पावतीवर "सर्व वस्तू मिळाल्या" असं छापलेलं असेल तर सही करण्याआधी खाली स्वतःच्या हाताने लिहा: वीस क्रेट मिळाले नाहीत.

निवृत्त_पंच:
आणि उद्या जाताना आदेशाची प्रत, आधार कार्ड आणि त्या टपरीवरच्या भेटीची तारीख-वेळ कागदावर लिहून न्या. तिथं गेल्यावर घाबरल्यामुळे आठवत नाही. पोटभर जेवून निघा, दिवस जातो त्यात.