मदत हवी आहे: नकाशातली रेघ दिसते, नकाशा दिसत नाही

नमस्कार मंडळी. लेक 14 वर्षांचा, ऑटिझम आहे, आठवीत. भूगोलाचा नकाशा समोर ठेवला की कोकण रेल्वेची बारीक रेघ नेमकी कुठे तुटक छापली आहे ते पहिल्या सेकंदाला सांगतो. पण ‘सह्याद्री कुठून कुठे जातो?’ विचारलं की गप्प. बाईंना वाटतं लक्ष नाही. अहो, लक्ष आमच्या सगळ्यांपेक्षा जास्तच आहे!

थोडं वाचलं. 1983 मध्ये अमिता शाह आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी लंडनमध्ये दाखवलं होतं की गुंतागुंतीच्या चित्रात लपलेली आकृती ऑटिस्टिक मुलं इतरांपेक्षा जास्त अचूक शोधतात. 1999 मध्ये प्रौढांचे मेंदू स्कॅन केले तेव्हा याच कामात ऑटिस्टिक लोकांचा मेंदूच्या मागचा, दृश्य हाताळणारा भाग जास्त कामाला लागला, तर इतरांचा पुढचा भाग. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की ‘पूर्ण चित्र बघ’ म्हटलं तर त्यांना ते जमतं, फक्त वेळ जास्त लागतो. हे वाचून जीव भांड्यात पडला.

आता खरा प्रश्न. स्कॅन मोठ्यांचे होते. या वयात मेंदू बदलत असतो, तर किशोरवयीन मुलांवरचं सोप्या भाषेतलं काही कुणाकडे आहे का? आणि घरी काय करता? मी आधी कोरी बाह्यरेषा देते, नावं नंतर. थोडा फरक पडतोय. भूमितीच्या आकृत्यांना मात्र ही युक्ती लागू होत नाहीये. स्पेशल एज्युकेटर कुणी असेल तर प्लीज सांगा.