‘चांगली चेटकीण’ हा शब्दप्रयोग मराठीत चालेल का?

पानगळ
फ्रँक बॉम यांच्या 1900 सालच्या ओझच्या कथेतील काही भागाचा मी मुलांसाठी अनुवाद करते आहे. तीत पूर्वेची आणि पश्चिमेची ‘विच’ दुष्ट आहे, तर उत्तरेची आणि दक्षिणेची चांगली. मी चौघींनाही ‘चेटकीण’ म्हटले होते; संपादकांनी चांगल्या दोघींच्या जागी ‘परी’ लिहिले. चौघींची विद्या एकच आहे, हा कथेचा गाभाच त्यामुळे नाहीसा होतो. पर्याय सुचवावा.

जुनी_पोथी
संपादकांनी योग्य केले. चेटूक म्हणजे दुसऱ्याच्या वाइटासाठी केलेली करणी. संस्कृतात ‘चेट’ म्हणजे दास. भुताला दास करून राबवते ती चेटकीण, अशी माझी समजूत आहे. तिला ‘चांगली’ म्हणणे म्हणजे शब्दाशी प्रतारणा. ‘जादूगारीण’ वापरा.

माजघर
केस मोकळे सोडून अंगणात गेले की आजी म्हणायची, “हडळीसारखी फिरू नकोस.” चेटकीण ती कधीच म्हणाली नाही, कारण हडळ आणि जखीण या मेलेल्या बायका, चेटकीण मात्र जिवंत. शिवाय रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, तेव्हापासून मुले या शब्दाला जितकी भितात तितकाच त्यावर लोभही करतात. शब्द मवाळ झाला आहे, तो तसा स्वीकारावा.

सातपुडा
नाट्यगृहात झाला असेल. मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवतो. एका धड्याच्या वाचनात ‘डाकीण’ हा शब्द येताच तिसऱ्या बाकावरच्या मुलीने पुस्तकावर पालथा हात ठेवला आणि तास संपेपर्यंत उचलला नाही. तिच्या आजीचे नाव भगताने काढले होते, हे मला नंतर कळले. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिला छळणे हा 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आमच्याकडे हा शब्द अजून आरोप आहे. ‘चेटकीण’ वापरा, पण ‘डाकीण’ कृपया नको.

पानगळ
‘डाकीण’ वापरणार नाही. मात्र इंग्रजी शब्दाचा प्रवास पाहावा. पश्चिमेच्या त्या दुष्ट बाईला हिरवी कातडी 1939 च्या चित्रपटाने दिली. 1995 मध्ये ग्रेगरी मॅग्वायर यांनी तीच कथा तिच्या बाजूने सांगितली आणि हिरवा रंग हे तिला वाळीत टाकण्याचे कारण ठरले. तिच्याकडे पाहणारा समाज बदलला, पण शब्द तोच राहिला, म्हणून तर हा बदल दिसतो. आपण दर वेळी नवा शब्द योजला, तर मराठी वाचकाला तो दिसणार कसा?

जुनी_पोथी
इंग्रजीतही जुना पुल्लिंगी ‘विक्का’ मागे पडला, स्त्रीच उरली. आपल्याकडे ‘चेटक्या’ होता, तो कोणी उच्चारत नाही. तेच काम करणारा पुरुष मांत्रिक म्हणून मान मिळवतो.

माजघर
म्हणजे दोष शब्दाचा नव्हे, हे आपणही मान्य करता.

जुनी_पोथी
अर्थाचा प्रश्न वेगळा, व्युत्पत्तीचा वेगळा.

सातपुडा
मग ‘डाकीण’ची व्युत्पत्तीही पाहा. ती ‘डाकिनी’पासून आली आहे आणि बौद्ध तंत्रात डाकिनी पूजनीय आहे. तेथून भगताच्या तोंडी हा शब्द असा कसा पोहोचला, हे कोणी सांगू शकेल का?