सार्वमताचा कौल आणि संसदेचा अधिकार

दादरकर : कालच्या चर्चेत गिरगावकरांनी लिहिले की, ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिल्यावरही ब्रिटनच्या न्यायालयाने त्यात खोडा घातला. हे साफ चूक आहे. २०१५ च्या सार्वमत कायद्यात निकालानंतर कोणी काय करायचे, याविषयी अवाक्षर नव्हते. युरोपीय सदस्यत्वासाठी केलेल्या १९७२ च्या कायद्याने संसदेने नागरिकांना जे हक्क दिले, ते सरकारला राजसत्तेच्या विशेषाधिकाराखाली, म्हणजे संसदेला न विचारता राजसत्तेच्या नावाने वापरायच्या अधिकाराखाली, संघ सोडत असल्याचे नुसते पत्र पाठवून काढून घेता येणार नाहीत, एवढेच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितले.

गिरगावकर : विरोधी मत देणाऱ्या त्या तीन न्यायाधीशांचे म्हणणे आपण सोयीस्करपणे वगळलेत. त्यांच्यापैकी लॉर्ड रीड यांच्या मते १९७२ च्या कायद्याचा परिणाम मुळातच सदस्यत्व असेपर्यंतचा होता. मत देऊन आलेल्या माणसाला ‘थांबा, संसदेला विचारतो’ म्हणणे हा त्याचा अपमान आहे.

मुलुंडवासिनी : अपमान काय असतो, ते आमच्या सोसायटीत येऊन पाहा. पुनर्विकासाला ५१ टक्के संमती मिळाली आणि इतिवृत्तात ‘पुनर्विकास करावा’ अशी एक ओळ लिहिली गेली. त्या ओळीच्या जोरावर कमिटीने घराचे वाढीव कार्पेट क्षेत्रफळ, बांधकामाच्या काळातले भाडे, कॉर्पस म्हणजे रहिवाशांना मिळणारी एकरकमी रक्कम असे सगळे बिल्डरशी परस्पर ठरवून टाकले.

पार्लेकर : ताई, दुसरी बाजूही ऐका. आमच्या इमारतीत तिघांनी सह्या अडवून धरल्या आणि छताचे पोपडे पडत असताना माझ्या आईला त्याच खोलीत राहावे लागले. मूठभरांच्या नकाराने बहुमताचे हाल होतात.

मुलुंडवासिनी : नकाराधिकार मागितला कोणी? करारनाम्याचा मसुदा सर्वसाधारण सभेपुढे ठेवा, एवढेच आम्ही म्हणत होतो. नीट न वाचता उत्तर देऊ नका.

गिरगावकर : सोसायटी राहू द्या. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांना संघात राहायचे होते, मग त्यांच्या विधिमंडळाची संमती का नको? तिथे मात्र हेच न्यायालय एकमताने म्हणाले की, तो राजकीय संकेत आहे आणि आम्ही त्याची अंमलबजावणी करणार नाही.

दादरकर : तो भाग मलाही डाचतो, हे नाइलाजाने मान्य करतो. पण खोडा कुठे पडला? दोन कलमांचा कायदा मार्चमध्येच झाला आणि तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी आधी जाहीर केलेल्या मुदतीतच, २९ मार्चला, ते पत्र संघाकडे ब्रुसेल्सला पोहोचले.

गिरगावकर : उशीर झाला नाही, हे मान्य. न्यायालयात जाण्याची गरज होती, हे मात्र मान्य नाही.