मदत हवी आहे: ग्रामसभेत ठरले एक, आराखड्यात आले दुसरेच. प्रोसिडिंग बुक बघायला कसे मिळेल?

वस्तीवरची

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे, पहिल्यांदाच निवडून आले आहे. गावात सोळाशेच्या आसपास मतदार आहेत आणि आमची वस्ती गावठाणापासून बरीच लांब आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला वस्तीवरच्या बायका मजुरी बुडवून आल्या होत्या. वित्त आयोगाच्या निधीतून वस्तीला पाण्याची पाइपलाइन घ्यावी अशी मागणी त्यांनी उभे राहून केली. चर्चा झाली, हात वर झाले, विषय मंजूर झाला. अध्यक्षांनी तसे मोठ्याने सांगितलेही.

आता ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर) गावाचा आराखडा पाहिला तर त्यात पाइपलाइन नाही. त्या जागी चौकातले पेव्हर ब्लॉक आहेत. ग्रामसेवक म्हणतात, "ठराव प्रोसिडिंगला आहे, त्याप्रमाणेच भरले." मग प्रोसिडिंग (इतिवृत्ताची वही) दाखवा म्हटले तर कधी वही तपासणीला गेलेली असते, कधी घरी राहिलेली असते.

आमच्याकडची पद्धत अशी की सभा सुरू होण्याआधी हजेरीच्या सह्या घेतात, ठराव मागाहून लिहितात, आणि मध्ये कोऱ्या जागा सोडलेल्या असतात. हे कायद्यात बसते का? इतिवृत्त कधी लिहिले गेले पाहिजे? मी सदस्य असूनही मला वही बघायला अर्जच करावा लागेल का? आणखी एक अडचण आहे. मागच्या बॉडीच्या काळातली वही "सापडत नाही" असे सांगतात. आमच्या वस्तीच्या रस्त्याचा ठराव त्याच वहीत आहे. ती वही किती वर्षे सांभाळायची असते?

मला कुणाशी भांडण करायचे नाही. पण त्या बायकांना मी काय सांगू? कृपया जाणकारांनी मार्ग सांगावा.

दप्तर तपासणी

ताई, मी विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून निवृत्त झालो. ग्रामपंचायतींची दप्तरे तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. मासिक सभेची वही वेगळी आणि ग्रामसभेची वेगळी. दोन्ही मागा. ग्रामसभेत मंजूर झालेला विषय पुढच्या मासिक सभेत "बदल करून" घेतल्याचे दाखवलेले मी पाहिले आहे. असा बदल घुसवायची दुसरी जागा म्हणजे तहकूब (पुढे ढकललेली) सभा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. सोळाशेचे 15 टक्के 240 होतात, म्हणजे तुमच्याकडे 100 माणसे लागतात. तेवढी नसतील तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मात्र तिथे नवा विषय घेता येत नाही. त्यामुळे पेव्हर ब्लॉकचा ठराव नेमका कोणत्या तारखेच्या, कोणत्या सभेतला आहे ते आधी पाहा. बरेचसे तिथेच उलगडेल.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे, मासिक सभेची पूर्ण तीन दिवस आधी. नोटिशीत विषयपत्रिका असते. पेव्हर ब्लॉकचा विषय त्यात होता का, की "ऐनवेळचे विषय" या नावाखाली घुसवला? म्हणून नोटीस, दवंडी दिल्याची नोंद, हजेरी आणि इतिवृत्त हे चारही कागद एकत्र मागा. एकट्या इतिवृत्तावरून काही कळत नाही.

कोऱ्या जागेबद्दल सांगतो. तपासणीत आम्ही पहिल्यांदा पाने मोजायचो. वहीला पृष्ठक्रमांक हवेत, एकूण पाने किती याचा दाखला पहिल्या पानावर हवा. प्रत्येक ठरावाला विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, मतदान झाले असल्यास बाजूने किती आणि विरोधात किती हे लिहिलेले असावे, आणि शेवटी अध्यक्ष व सचिवांच्या (म्हणजे ग्रामसेवकांच्या) सह्या. सभा संपल्यावर उरलेली जागा तिरकी रेघ मारून बंद करायची असते. कोरी सोडलेली दिसली की आम्ही शेरा मारायचो.

तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. प्रत्येक सभेचा पहिला विषय असतो मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बहुतेक गावांत तो "वाचले, कायम केले" म्हणून एका वाक्यात उरकतात. तुम्ही तसे होऊ देऊ नका. पूर्ण वाचायला सांगा. चुकीचे असेल तर तिथेच हरकत घ्या आणि ती हरकत त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहायला लावा. तीच हरकत लेखीही द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी हरकत वहीत न येण्याची शक्यता असते, आवक झालेला कागद मात्र सहजी नाहीसा होत नाही.

दोन गावांचा सचिव

मी कामावर असलेला ग्रामपंचायत अधिकारी आहे (2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र झाली, तेव्हापासूनचे हे नाव). आमचीही बाजू मांडतो. माझ्याकडे दोन गावे आहेत. दीडशे लोक एकाच वेळी बोलत असताना बसल्या जागी पक्के इतिवृत्त लिहिणे होत नाही. मी कच्चे टिपण काढतो, सभा संपण्यापूर्वी प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून दाखवतो आणि मग वहीत उतरवतो. वाचून दाखवल्याचा फायदा असा की नंतर कुणी मला दोष देत नाही आणि मलाही कुणी दबाव आणून शब्द बदलायला लावू शकत नाही. तुमच्या सचिवांना एवढी एकच विनंती करून बघा. "सभा संपायच्या आधी ठराव वाचा" याला कुणी उघडपणे नाही म्हणू शकत नाही.

दुसरे असे की ई-ग्रामस्वराजवरची नोंद अनेक ठिकाणी सेवा केंद्राचा ऑपरेटर भरतो. वहीत पाइपलाइनच असेल आणि भरताना गडबड झाली असेल, तर प्रश्न खूप सोपा आहे. म्हणून आरोप करण्याआधी वही बघाच.

आणि एक तपासा. आराखडा 15 व्या वित्त आयोगाचा असेल तर त्यातला 60 टक्के निधी बंधित असतो, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. पाइपलाइन त्यात बसते, चौकातले पेव्हर ब्लॉक बसत नाहीत. ते अबंधितमधून (उरलेल्या, अशी अट नसलेल्या निधीतून) दाखवले असतील तर बंधितच्या पैशातून काय घेतले, हा प्रश्न विचारायला तुम्हाला पूर्ण जागा आहे.

अर्जवाला

ताई, सदस्य म्हणून तोंडी मागून मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. प्रतींना पानाला 2 रुपये पडतात. पण नुसत्या प्रती मागू नका, मूळ वहीची पाहणी मागा. पाहणी हा या कायद्याने दिलेला हक्क आहे. कोऱ्या जागा, शाईतला फरक, मागून घुसवलेली ओळ झेरॉक्सवर दिसत नाही, मूळ वहीवर दिसते. पाहून झाल्यावर हव्या त्या पानांच्या साक्षांकित प्रती घ्या.

उत्तराची मुदत 30 दिवस. आले नाही किंवा पटले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पंचायत समितीत पहिले अपील करा. तिथेही काम झाले नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. मराठवाड्यासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

आता "सापडत नाही" या उत्तराबद्दल. हे उत्तर तिथेच सोडून देऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे सार्वजनिक अभिलेख ठरलेल्या पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाही. तसे केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2013 च्या निकालात सांगितले आहे की एके काळी कार्यालयात असलेली माहिती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येत नाही, कसून शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी ठरवावी लागते.

दप्तर तपासणी

अर्जवाले म्हणतात ते बरोबर. जुन्या वहीसाठी आणखी एक धागा देतो. सचिवाची बदली झाली की दप्तराची चार्ज यादी होते, देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्यांसह. मागच्या बदलीची यादी मागा. तीत ती प्रोसिडिंग वही असेल तर घेणाऱ्याने उत्तर द्यायचे, नसेल तर देणाऱ्याने. नष्ट केली म्हणत असतील तर अभिलेखाची अ, ब, क, ड यांतली कोणती वर्गवारी होती आणि नष्ट करायची परवानगी कुणी दिली, तो कागद दाखवा म्हणा. मुदत त्या वर्गवारीवरूनच ठरते आणि "अ" म्हणजे कायम जतन.

वस्तीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार. चार्ज यादीचे तर माझ्या डोक्यातही आले नसते. सचिवदादा, तुमचे म्हणणे पटले. आधी सरळ भेटून वही बघायला मागते.

एक विचारायचे राहिले. एका मुलीने सभेतल्या त्या चर्चेचा व्हिडिओ मोबाइलवर काढला आहे. त्याचा उपयोग होईल का? आणि खालचा मसुदा कुणी तपासून द्याल का?

"दि. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस, हजेरी नोंद व इतिवृत्त, तसेच त्यानंतरच्या सर्व मासिक व तहकूब सभांचे इतिवृत्त, यांच्या मूळ नोंदवह्यांची पाहणी करू द्यावी व मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात."

अर्जवाला

व्हिडिओ ठरावाची जागा घेणार नाही, पण हरकतीला जोडायला भक्कम आधार आहे. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, पेन ड्राइव्हवर प्रत द्या. सोबत हजर असलेल्या बायकांचे सह्या-अंगठ्यांसह लेखी निवेदन जोडा, त्यात पाइपलाइनचा विषय कुणी मांडला आणि अध्यक्ष काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.

मसुदा चांगला आहे. "त्यानंतरच्या सर्व" मोघम आहे, तिथे आजची तारीख टाकून "या तारखेपर्यंतच्या" असे करा आणि दवंडीची नोंदही घाला. जुन्या वहीचा आणि चार्ज यादीचा अर्ज वेगळा करा, नाहीतर एकापेक्षा जास्त विषय म्हणून परत येईल. आणखी एक, नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा स्तरावरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहता येतात. अर्ज देण्याआधी येत्या सोमवारी वस्तीवरच्या एक-दोघींना सोबत घेऊन जाऊन या, आणि वही दाखवली नाही तर तसे त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्या.