हापूसच्या नावाची चोरी: कायदा आहे, मग सरकार बाजारात का उतरत नाही?

कलमी_बाग:
२०१८ च्या ऑक्टोबरात कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतलाच आंबा त्यात येतो. तरी दर एप्रिलला कर्नाटकचा माल 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत भरून, वर मराठी पेपरची घडी घालून विकला जातोच. गिऱ्हाईक कोकणचा भाव मोजतं आणि आमचा भाव पडतो.

शिक्षा कमी आहे का? अजिबात नाही. मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात खोट्या मानांकनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे. गोम पुढे आहे. झडती-जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरचाच अधिकारी करू शकतो, आणि त्याआधी त्याने मानांकनाच्या रजिस्ट्रारचं मत घ्यायचं. त्याची नोंदणी कचेरी चेन्नईला. आढीतला आंबा आठ-दहा दिवसांत पिकतो. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत पुराव्याचा आमरस झालेला असतो!

माझं म्हणणं एवढंच, की मार्च ते मे रजिस्ट्रारने वाशी आणि पुण्याच्या बाजारात अधिकार देऊन माणूस बसवावा, आणि नाशवंत मालासाठी ही मत घेण्याची अट केंद्राने काढावी. कारखान्याच्या ट्रेडमार्कसाठी धाडी पडतात, तर बागायतदाराच्या नावासाठी का नको?

धारवाडी_मराठी:
आमच्या मामांची बाग धारवाडजवळ आहे. झाड हापूसचंच, कलमं कोकणातून आलेली. त्या झाडाच्या फळाला आम्ही काय म्हणायचं, तोतापुरी? मामा माल क्रेटमधून पाठवतात, 'देवगड' कुठेही लिहीत नाहीत. पेटी बदलते ती बाजारात, आणि ती बदलणारा बहुतेक वेळा तुमच्याच राज्यातला असतो. धाड पडली की मात्र गाडी कर्नाटक पासिंगची बघून अडवतील. पोलिसांच्या हाती फळाची जात ओळखायचं काम देऊ नका.

कलमी_बाग:
मामांशी भांडण नाहीच. 'धारवाड हापूस' असं ठळक लिहून विका, माझी हरकत नाही (आमच्याकडचे काही जण हेही मान्य करणार नाहीत, ते वेगळं). भांडण खोट्या पेटीशी आहे. आणि पोलिसाने फळ ओळखायचंच नाहीये. पेटीवर देवगड छापलंय ना, मग माल कुठल्या बागेतून आला त्याची पावती दाखव. एवढंच विचारायचं.

फळबाजार_वाशी:
पावती मागा, जरूर मागा. पण २०१६ पासून बाजार समितीच्या आवाराबाहेर फळं-भाजी नियमनमुक्त आहे, म्हणजे तिथे समितीचे नियम लागत नाहीत. आवारात तुम्ही माणूस बसवाल, पेटी भरणारे बाहेरच्या गोडाऊनमध्ये जातील. शिवाय रिकाम्या छापील पेट्या कोण विकतं ते आधी बघा. आम्हा सगळ्या व्यापाऱ्यांना एका माळेत ओवणं सोपं आहे. कोकणातलेच काही जण सीझनच्या सुरुवातीला माल कमी पडला की बाहेरचा आंबा आणून स्वतःच्या पेटीत भरतात. त्यांच्यावरही धाड घालणार का?

कलमी_बाग:
घाला. आधी त्यांच्यावर घाला.

खंडाची_बाग:
मी छोटा माणूस, दुसऱ्यांच्या बागा कराराने घेतो. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता, म्हणजे ते नाव वापरायला नोंदणी झालेला माणूस, व्हायची फी २०२० मध्ये ५०० वरून १० रुपये झाली, म्हणजे अडचण पैशाची नाही. सातबारा मागतात, तो मालकाच्या नावावर आणि मालक मुंबईत. फवारणी माझी, राखण माझी, कागद त्याचा. उद्या सरकार कडक झालं तर अस्सल रत्नागिरीचा आंबा विकून मीच 'अनधिकृत' ठरेन. आधी करारदारांची नोंदणी सोपी करा, मग दंडुका काढा.

नियम_वाचणारी:
हा मुद्दा इथल्या सगळ्यात वजनदार आहे. दार्जिलिंग चहाचं उदाहरण बघा. देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन त्याचंच, आणि मागे टी बोर्डासारखी सरकारी यंत्रणा उभी. तरी नेपाळचा चहा दार्जिलिंग म्हणून खपतो, ही ओरड थांबलेली नाही. धाडी वाढवून फार फरक पडेल असं मला वाटत नाही. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने फळागणिक वेगळ्या कोडचा स्टिकर आणलाय, ती दिशा जास्त कामाची. सरकारने त्यात पैसा घालावा, पोलीस नव्हे.

कलमी_बाग:
स्टिकर चांगलाच आहे. पण कोड खोटा निघाला, तर गिऱ्हाईक फार तर विक्रेत्याशी हुज्जत घालेल. त्यापुढे तक्रार नेण्याची जागा सरकारचीच ना? ज्या स्टिकरमागे जप्तीची भीती नाही, त्याची नक्कल छापायला किती वेळ लागतो?

करारदारांचं मात्र खरं आहे. मालकाचं संमतीपत्र आणि नोंदवलेला करार एवढ्यावर वापरकर्ता म्हणून नाव लागलं पाहिजे. खंडाची_बाग, तुमच्याकडे करार लेखी असतो का? आमच्या भागात निम्मे व्यवहार तोंडीच.

खंडाची_बाग:
तोंडी. लेखी मागितला, तर मालक पुढच्या वर्षी बाग दुसऱ्याला देतो.