मदत हवी आहे: मुलीची क्रॉस कंट्री रेस, पालकाने 'सपोर्ट'ला काय करायचं?

त्रिमूर्तीनगरकर
मुलीची क्रॉस कंट्री रेस आहे, शनिवारी आणि रविवारी. क्लबच्या ग्रुपवर काल रात्री मेसेज आला की दर दोन मुलांमागे एक पालक आलाच पाहिजे, 'वॅक्सिंग आणि सपोर्ट'साठी. आमच्या जोडीतल्या दुसऱ्या मुलाच्या घरी आजी आजारी आहे, म्हणजे मीच. सपोर्ट म्हणजे काय ते कोच फोनवर सांगत नाहीत, "तिथं आल्यावर कळेल" म्हणतात. मला आत्ता कळायला हवं, सुट्टीचा अर्ज उद्या द्यायचा आहे. किती दिवसांची टाकू? एक जोड पुरेल की दोन लागतील? काठ्यांचं काय? कृपया लवकर सांगा.

पहाटे_अंबाझरी
दोन जोड घ्याच. एक जोड शनिवारी ओला झाला की रविवारी पायाला फोड येतात, माझ्या मुलाला आले होते. नवे बूट रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. काठ्या कशाला लागतात ते नाही समजलं.

त्रिमूर्तीनगरकर
धावण्याची नाही हो. स्कीची. बर्फावरची.

पहाटे_अंबाझरी
मग तसं लिहा ना भाऊ. नागपुरात बसून आम्हाला कसं कळणार?

गोकुळपेठ_वाचक
नागपुरात स्की कुठे शिकते मुलगी? खरंच विचारून राहिलो, माझ्या भाचीला आवड आहे.

त्रिमूर्तीनगरकर
रोलर स्की. चाकांच्या स्की असतात, डांबरी रस्त्यावर चालतात. आधी इनलाइन स्केटिंग करायची. रविवारी पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सला, ऊन चढायच्या आत. मागच्या वर्षी दहा दिवस बर्फावर जाऊन आली, तेव्हा मी गेलो नव्हतो. भाचीबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथे माझ्या प्रश्नाचं सांगा कुणी.

रुळावरचा_माणूस
औली असेल तर नागपूर ते दिल्ली, तिथून हरिद्वार, पुढे ज्योतिर्मठपर्यंत रस्त्याने आणखी एक अख्खा दिवस धरा. रोपवेवर भिस्त ठेवू नका, २०२३ च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हापासून बंद झाला. बर्फ नाही म्हणून तिथल्या स्पर्धा रद्दही झाल्या आहेत, तेव्हा परतीचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा.

काश्मीर_दोनदा
औली कशाला धरता? गुलमर्गच असणार. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग २०२० पासून तिथेच होतं.

रुळावरचा_माणूस
प्रत्येक रेस म्हणजे खेलो इंडिया नसते. राष्ट्रीय स्पर्धा औलीला झालेल्या आहेत.

काश्मीर_दोनदा
मी दोन्ही ठिकाणी गेलो आहे. गुलमर्गला सपाट मैदान आहे, नॉर्डिक, म्हणजे क्रॉस कंट्री, स्कीला तेच लागतं.

त्रिमूर्तीनगरकर
गुलमर्ग. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. भांडू नका.

रुळावरचा_माणूस
मग सोपं झालं. अंदमान एक्सप्रेस किंवा हिमसागर, दोन्ही नागपूरवरून थेट कटऱ्याला जातात, पण रोज नाहीत, वार बघून तारीख ठरवा. कटरा ते श्रीनगर २०२५ च्या जूनपासून वंदे भारत आहे, तीन तासांच्या आसपास. पुढे टंगमर्गमार्गे टॅक्सी. स्की लांब असतात, बर्थखाली तिरप्या जातात का ते आधी मोजून घ्या.

ट्रोंडहाइमची_मावशी
मूळची वर्धेची, बारा वर्षं नॉर्वेत आहे. दोन्ही मुलं स्की क्लबात, त्यामुळे शनिवार-रविवार असेच जातात. आधी हे सांगा: मुलीचं वय आणि उंची? शनिवारी क्लासिक आणि रविवारी स्केट, की दोन्ही दिवस एकच? स्की स्वतःच्या की तिथे भाड्याने? बूट कोणत्या बाइंडिंगचे (बूट स्कीला जोडणारा सांधा)? हे कळल्याशिवाय एक जोड की दोन, कुणीच सांगू शकणार नाही.

सरकारी_भरती_मार्गदर्शक
प्रमाणपत्र जपून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण स्पर्धा कोणत्या दर्जाची, संघटना मान्यताप्राप्त आहे का, ते आधी बघा. नंतर पडताळणीत अडकतं.

त्रिमूर्तीनगरकर
ती १२ वर्षांची आहे. नोकरीचं नंतर बघू.
मावशी, उंची १५० सेंटिमीटर. शनिवार क्लासिक, रविवार स्केट. स्की क्लबच्या, एकच जोडी मिळणार आहे. बूट आपले, मागच्या वर्षी घेतलेले, अंगठा आता टोकाला लागतो म्हणते. बाइंडिंगचं माहीत नाही.

वर्धा_रोड
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथल्या मुलीला बर्फाचा खेळ कशाला? हाच पैसा मानकापूरच्या संकुलात अॅथलेटिक्सवर लावा, वर्षभर सराव होईल.

विदर्भकन्या
काहून बरं? कर्नाटकात कोडगूची स्कीपटू भवानी आहे, तिच्या गावीही बर्फ पडत नाही. तिने याच खेळात खेलो इंडियात सुवर्ण घेतलं. पोरगी पहाटे साडेपाचला उठून सेमिनरी हिल्सच्या चढावर जाते, तिला 'कशाला' विचारणारे आपण कोण? मी हॉकीत होते, मलाही हेच विचारत. सोडलं मी. आजही मैदान दिसलं की जीव तुटतो.

वर्धा_रोड
मी सोडा म्हटलं नाही. खर्चाचं बोललो.

ट्रोंडहाइमची_मावशी
आता सांगता येईल. घाई आहे म्हणून जमेल तसं लिहिते.

क्लासिकमध्ये दोन्ही स्की समांतर खाचांतून चालतात आणि मागे रेटा द्यायला मधल्या भागात पकड लागते. स्केटमध्ये पकड नको, स्की नुसती सरकायला हवी. क्लासिकची साधारण उंचीपेक्षा १५-२० सेंटिमीटर लांब, स्केटची ५-१० ने. एकच जोडी असेल तर मुलांसाठी चालतं, आमच्याकडेही लहान मुलं एकाच जोडीवर दोन्ही रेस करतात. फक्त शनिवारी संध्याकाळी मधल्या भागातलं पकडीचं मेण पूर्ण खरवडून काढायचं आणि टोकापासून टोकापर्यंत सरकायचं मेण लावायचं. वॅक्सिंग म्हणजे मुख्यतः हेच, आणि हे काम तुमच्याच गळ्यात पडणार. स्कीच्या तळाला मध्ये केसाळ पट्टी असेल तर मात्र मेण काढायचा प्रश्नच नाही, मग रविवारी दुसरी जोडी मागा.

काठ्या मात्र दोन जोड हव्यातच. क्लासिकच्या काठीला नियमाने उंचीच्या ८३ टक्क्यांची मर्यादा आहे, तिच्यासाठी १२५ च्या आत. स्केटच्या हनुवटी ते ओठांपर्यंत, १३५ च्या आसपास.

पकडीचं मेण पातळ थरांत, प्रत्येक थर बुचाने घासून. जाड थर दिला तर बर्फ चिकटून गोळे होतात. कोणतं मेण ते बर्फाच्या तापमानावर ठरतं, कोचला सकाळीच विचारा. इस्त्रीने मेण लावताना खिडकी उघडी ठेवा. आणि कुणी फ्लोरिनचं जुनं मेण देऊ केलं तर घेऊ नका, त्याची वाफ वाईट आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यावर बंदी आहे.

पुण्याची_आई
मावशींनी स्कीचं सांगितलं, मी मुलाचं सांगते. आम्ही गुलमर्गला दोन हिवाळे गेलो.

बूट आधी. आम्ही भाड्याचे बूट घेतले ते बाइंडिंगमध्ये बसेचनात, दिसायला सारखे पण खालचा सांधा वेगळा. रेसच्या सकाळी पाऊण तास त्यात गेला आणि मुलगा गरम न होताच सुरुवातीला उभा राहिला. अंगठा टोकाला लागतोय म्हणजे तो बूट गेलाच. थंडीत घट्ट बुटात बोटं बधिर होतात. नवा घेताना क्लबची बाइंडिंग कोणती ते विचारूनच घ्या.

सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही. घाम सुतात अडकतो आणि थांबल्याबरोबर अंग गार पडतं. लोकरीचा पातळ थर आत, तिबेटी स्वेटरबाजारात मिळतो तसा जाड स्वेटर फक्त रेस संपल्यावर. आणि एक गोष्ट मी शिकले: कोरडी बनियन पिशवीत ठेवायची नाही. मी ती माझ्या जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवते. मुलगा रेषेपार आला की टॉवेलचा आडोसा करते, ओली काढते, ही घालते. ऊबदार बनियन अंगावर गेली की त्याच्या खांद्यांचा थरकाप थांबतो, तो मला हाताला कळतो.

बोटं दुखली तर चोळू नका, काखेत धरायला लावा. तापमान उणे २० च्या खाली गेलं तर मोठ्यांचीसुद्धा रेस होत नाही, मग मुलांसाठी तुम्ही त्याआधीच बोला.

त्रिमूर्तीनगरकर
पोटाशी ठेवायचं सुचलंच नसतं. खायचं काय? ती रेसच्या आधी काही खातच नाही.

पहाटे_अंबाझरी
यात मी बोलू शकतो! दोन-तीन तास आधी साधं खाणं, रोजच्या सवयीचं. पोहे चालतील, तर्री नको. शनिवारची रेस झाल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात जायलाच हवं, नाहीतर रविवारी पाय उचलत नाहीत. तिळाचे लाडू आणि खजूर इथूनच न्या.

ट्रोंडहाइमची_मावशी
थर्मासमध्ये कोमट गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुलं पीत नाहीत, तुम्ही द्यायचं. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे, नागपूर ३१० वर. शुक्रवारी पोचून शनिवारी पळवू नका, बुधवारपर्यंत पोचा. गॉगल आणि सनस्क्रीनही, बर्फावरून ऊन उलटं येतं.

सपोर्टचं एवढंच: मेण, कोरडे कपडे, पाणी, आणि आयोजकांना लागेल ती मदत. आमच्याकडे पालकच खाचा आखतात, वेळ नोंदवतात, वॅफल भाजतात. इथे ज्या वर्षी मूल ११ चं होतं त्याआधी क्रमवारीची यादीच लावत नाहीत. तिला कितवी आली विचारू नका. विचारा, हात गार आहेत का.

वर्धा_रोड
माझ्याकडे पन्नास लिटरची जुनी सॅक पडून आहे, हवी तर न्या. परत करायची घाई नाही.

त्रिमूर्तीनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सॅक घेतो, व्यनि केला आहे.

आठ दिवसांची रजा टाकली, हिमसागरचं तिकीट काढलं, मंगळवारी श्रीनगर. बाइंडिंग एनएनएन आहे असं कोचने कळवलं, बूट दीड नंबर मोठा मागवला. काठ्या उंबऱ्यात उभं करून मोजल्या, स्केटची ओठांपर्यंत येते, क्लासिकच्या क्लब देतोय.

मी शेवटच्या चढावर उभा राहून हाक मारणार होतो. आज जेवताना तिला विचारलं, कुठे उभा राहू? म्हणाली, "चढावर नको बाबा, तिथं माझं तोंड वेडंवाकडं होतं. संपते तिथंच थांबा."

आता एकच उरलं. पकडीचं मेण काढायला साधी खरवडणी चालते, की वेगळं काही लागतं?

ट्रोंडहाइमची_मावशी
प्लास्टिकची. लोखंडाची नको, तळ खरवडला जाईल. आधी मोठा थर काढा, मग उरलेलं पुसायला मेण काढायचं द्रव मिळतं ते कापडाला लावून. शनिवारी रात्री उशिरापर्यंत ठेवू नका, ती झोपायच्या आत संपवा. तिला पाहू द्या.